चार बोटं पाणी

मार्गळी महिन्यात, ऐन थंडीत, कुंभकोणमला उजाडतं वेळेवर, पण दिसायला लागतं उशिरा. कावेरीवरचं धुकं आपल्या सवडीने उठतं. तोवर देवळांची गोपुरं जमिनीपासून सुटून वर कुठेतरी तरंगत राहतात आणि रस्त्याने येणारी बैलगाडी दिसायच्या आधी नुसत्या घुंगरांच्या आवाजानेच येते. अंबुजाला ही वेळ फार आवडे. या दोन तासांत साऱ्या गावाला तेवढंच दिसे, जेवढं तिच्या नवऱ्याला बाराही महिने दिसत होतं.

नवरा तुकोजी मोटारी दुरुस्त करी. तंजावरचं मराठ्यांचं राज्य खालसा होऊन ऐंशी वर्षं झाली होती. त्याचे पणजोबा राजाच्या पागेत घोड्यांना नाल ठोकत. आजोबांनी छकड्यांची चाकं बसवली, आणि तुकोजी नागपट्टणच्या रेल्वे कारखान्यात हातोडी धरायला शिकून मोटारींकडे वळला. घरामागे झावळ्यांची एक शेड होती आणि शेडच्या पलीकडे विड्याच्या पानांचा मळा. मळ्यातून गार ओला वास यायचा, शेडमधून तेलाचा; अंबुजाच्या नाकात हे दोन वास इतके एकजीव झाले होते, की विडा लावतानाही तिला मोटारी आठवायच्या.

दोन वर्षांपूर्वी तुकोजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, "अजून कच्चा आहे. पिकू द्या, मग काढू." आता पिकेपर्यंत करायचं काय? आंधळ्याच्या हाती मोटार कोण देईल? म्हणून दोघांनी कुणाला काही सांगितलं नाही.

त्यावर तोड अंबुजानेच काढली. गिऱ्हाईक आलं की ती शेडच्या मागल्या दारात सूप घेऊन बसे, तांदूळ निवडी आणि मराठीतून कुरकुरल्यासारखं बोलत राही. गिऱ्हाईक सगळे तमिळ बोलणारे. त्यांना वाटे, बाई संसाराचं रडगाणं गातेय. प्रत्यक्षात ती सांगत असे, "डाव्या हाताला नळी चिरलीय. बोल्ट गंजलाय, जपून. तेल काळं आहे, पण पातळ नाही." तुकोजी त्या दिशेला हात नेई आणि गिऱ्हाइकाला म्हणे, "पाहिलं मी. नळी चिरलीय." डोळे तिचे, बोटं त्याची. अंबुजा हळूहळू इतकी सरावली, की स्वप्नातही ती कुणाला तरी काहीतरी सांगत असायची: पाणी हिरवं आहे, पायरी तुटलीय, पलीकडे कुणी उभं नाही.

अशाच एका धुक्याच्या सकाळी त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक, गुरुमूर्ति, आपली बस घेऊन आला. कुंभकोणम ते आडुतुरै अशी त्याची एकच बस होती, आणि तिच्यावर त्याचा बायकोइतका जीव होता. तो उतरला तो हात जोडूनच.

"राव, गाडी पाणी पितेय. सकाळी रेडिएटर गळ्यापर्यंत भरतो, आडुतुरैला पोचेतो चार बोटं पाणी गायब. खाली थेंब नाही. नळ्या कोरड्या. मागे मात्र पांढरा धूर. लोक हसतात, म्हणतात, गुरुमूर्तिची बस धुकं विकत हिंडते."

"हेडचं पॅकिंग गेलं असेल," तुकोजी म्हणाला.

"आडुतुरैच्या एका कारागिराकडून दोनदा बदललं. काही फरक नाही."

तुकोजीने प्लग काढले आणि ओळीने फळीवर मांडले. मागल्या दारातून अंबुजा सुपाकडे बघत पुटपुटली, "पहिला काळा, दुसरा काळा. तिसरा घासून धुतल्यासारखा लखलखीत. चौथा काळा."

"तिसरा प्लग धुतला गेलाय," तुकोजीने गिऱ्हाइकाला सांगितलं. "तिसऱ्या सिलिंडरात पाणी जातंय." मग त्याने इंजिनावर हात फिरवला आणि म्हणाला, "पॅकिंग दोनदा बदलूनही जातंय, म्हणजे इंजिनाचं झाकण, हेडच तडकलंय. नवीन मागवावं लागेल. मद्रासहून."

गुरुमूर्तिचा चेहरा पडला. हेड यायला दोन महिने लागणार, तोवर बस उभी.

अंबुजाचे हात सुपात थांबले. तिला काहीतरी खटकलं होतं, पण काय ते शब्दांत येईना. ती एवढंच म्हणाली, "अहो, एकदम निकाल देऊ नका." तुकोजीने ऐकलं न ऐकलंसं केलं. गुरुमूर्ति बस तिथेच ठेवून मान खाली घालून गेला.

दुपारी तुकोजी जेवून चटईवर आडवा झाला. ऊन झावळ्यांमधून चाळून खाली येत होतं. अंबुजा उघड्या न्हाणीत भांडी घासत होती. कोपऱ्यात पितळेचा जुना हंडा होता. पोटाला बारीक छिद्र पडलं म्हणून तो टाकायला काढलेला, तरी ती त्यात राख कालवायचं पाणी ठेवी. काठोकाठ भरला तरी थोड्या वेळाने पाणी छिद्रापर्यंत उतरायचं आणि तिथेच थांबायचं. तिने त्या पाण्याकडे पाहिलं. पाण्यात आभाळ होतं, एक पोपट त्यातून आडवा उडून गेला. पोपट गेला तरी ती बघतच राहिली. मग राखेचे हात तसेच घेऊन ती आत आली.

"अहो, उठा. हेड तडकलेलं नाही."

"तुला काय ठाऊक?"

"रोज चारच बोटं पाणी जातं म्हणाला तो. पाच नाही, सहा नाही. गळका हंडा छिद्रापर्यंतच रिकामा होतो. छिद्र खाली असतं, तर पाणी आणखी उतरलं असतं. जे काही फुटलंय ते वर आहे, चार बोटांवर. हेड आणि त्याचा सांधा त्याच्या कितीतरी खाली."

तुकोजी ताडकन उठून बसला. "बत्तीस वर्षं मी हे काम करतोय. हंड्याची गोष्ट मला सांगतेस?"

"तुम्हालाच सांगणार. दुसऱ्या कुणाला सांगू?"

मळ्यात कुणीतरी पानं खुडत होतं, देठ तुटल्याचा बारीक आवाज येत होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "चारच बोटं?"

"चारच."

"रोज?"

"तो तसंच म्हणाला."

तुकोजीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. तो उठला, भिंतीला हात लावत शेडमध्ये गेला आणि इंजिनाच्या कडेला, वरच्या अंगाला चाचपू लागला. तिथे ओतीव लोखंडाचे फाटे होते. कार्ब्युरेटरमधून पेट्रोलची वाफ त्या फाट्यांतून सिलिंडरांत जाते, आणि तिला ऊब मिळावी म्हणून त्याच ओतकामात रेडिएटरचं गरम पाणी खेळवलेलं असतं. वाफेची वाट आणि पाण्याची वाट शेजारी शेजारी, मधे फक्त बोटभर रुंदीचं पॅकिंग.

"मॅनिफोल्ड," तो त्या फाट्यांवर बोट ठेवून हळूच म्हणाला. "अगं, मॅनिफोल्डचं पॅकिंग. इंजिन श्वास घेतं तसं पाणीही आत ओढून घेतं. मग खाली थेंब पडणार कुठून?" आणि जरा थांबून, "माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"आलंच की आता," अंबुजा म्हणाली.

त्यांनी पाणी सोडून दिलं, बोल्ट ढिले केले आणि फाटे उतरवले. तिसऱ्या छिद्रापाशी जुनं पॅकिंग भिजलेल्या पापडासारखं झालं होतं. पाण्याच्या वाटेतून वाफेच्या वाटेत गेलेली गंजाची तांबूस रेघ अंबुजाला स्पष्ट दिसली. तिने त्याचं बोट धरून त्या रेघेवरून फिरवलं.

"नुसतं पॅकिंग बदलून भागायचं नाही," तो म्हणाला. "तळ वाकलाय का ते बघायला हवं. आरसा आण."

तिने भिंतीवरचा आरसा आणला. काजळ एरंडेलात कालवून काचेवर पातळ फासलं आणि फाट्यांचा तळ त्यावर टेकवून घासला. उचलून बघितलं तर दोन टोकांना काळं लागलेलं, मधे लोखंड उघडं.

"मधे खोलगट आहे. तांदळाच्या दाण्याएवढा लांब पट्टा, नाही, जास्त. अंगठ्याएवढा."

तुकोजीने बारीक कानस घेतली आणि टोकं घासू लागला. दहा हात मारायचे, बोटाने बघायचं, पुन्हा काजळावर टेकवायचं. संध्याकाळ झाली, दुसरी सकाळ झाली. धुकं शेडच्या आत येऊन दोघांच्या मधे बसलं. ती सांगे, "आता मधेही लागतंय, पण पुसट." तो घासे. ती सांगे, "आणखी." कानशीचा आवाज इतका एकसुरी होता, की अंबुजाला वाटलं आपण नावेत आहोत, तो वल्हं मारतोय आणि आपण नुसतं काठ आला का ते बघतोय. शेवटी काजळ सगळीकडे सारखं उमटलं.

नव्या पॅकिंगसाठी ॲस्बेस्टॉसचा जाड कागद होता. तो तळावर ठेवून तुकोजीने छोट्या हातोडीच्या गोल तोंडाने कडांवर हलके हलके ठोके दिले. लोखंडाच्या धारेवर कागद आपोआप कापला जाऊन पाण्याच्या भोकांचे तुकडे गळून पडले. उकळलेलं जवसाचं तेल दोन्ही अंगांना लावलं. बोल्ट मात्र त्याने अंबुजाच्या हाती दिले.

"आधी मधले, मग कडेचे. एकदम आवळू नकोस. पाव फेरा, पुढचा बोल्ट, पुन्हा पाव फेरा. पोळी लाटताना मधून कडेला जातेस ना, तसं."

तिने पाना धरला. शेवटचा फेरा बसताना तिच्या दंडाला घाम आला होता.

तिसऱ्या दिवशी गुरुमूर्ति आला. तुकोजीने त्याला सगळं सांगितलं. हेड मागवायची गरज नाही हे ऐकून त्याने डोळे मिटले. इंजिन सुरू झालं. अंबुजा मागल्या दारात सूप घेऊन बसली होती. ती पुटपुटली, "धूर आधी पांढरा. आता कमी. आता नाहीच."

तेवढ्यात गुरुमूर्ति तिच्याकडे वळला, आणि तमिळ वळणाच्या पण स्वच्छ मराठीत म्हणाला, "अम्मा, त्या दिवशी तुम्ही एकदम निकाल देऊ नका म्हणालात, म्हणून मी थांबलो. नाहीतर मद्रासला तार केली असती."

अंबुजाच्या हातून सूप सुटलं. तांदूळ शेडभर सांडले.

"दारासुरमला माझ्या आजोळच्या शेजारी तुमचीच मराठी माणसं होती," तो म्हणाला. "त्या घरच्या मीनाक्षीबाईंच्या मांडीवर वाढलो मी."

"म्हणजे दोन वर्षं..." तुकोजी पुटपुटला.

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, राव."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर यांनी सांगणं बंद केलं असतं. मग माझी बस कुणी दुरुस्त केली असती?"

अंबुजाचा चेहरा तापला. दोन वर्षांत या माणसासमोर आपण काय काय बोललो ते तिला भराभर आठवू लागलं. गेल्या वर्षी तिने त्याच्या मिशीला खारीची शेपटी म्हटलं होतं. आणि पुढच्या खेपेला मिशी नव्हती! तिने पदर तोंडाला लावला, पण हसू थांबेना. गुरुमूर्तिला कारण कळलं असावं. त्याने ओठावरून बोट फिरवलं आणि तोही हसला.

"राव, चला आडुतुरैपर्यंत," तो म्हणाला. "रस्त्यावर तुमच्या कानांनी तपासा. अम्मांनाही घ्या, धूर कोण बघणार?"

अंबुजा बसमध्ये पुढे कधी बसली नव्हती. आज ती तुकोजीच्या शेजारी बसली. गाव मागे पडलं, दोन्ही हातांना भाताची शेतं लागली, आणि धुकं बाजूला सरत वाट देऊ लागलं. ती वळून वळून मागे बघत होती.

"धूर?" तुकोजीने विचारलं.

"नाही."

"मग काय दिसतंय?"

ती सांगू लागली. पाण्यात उभे बगळे. एक बाई डोक्यावर रोपांचा भारा घेऊन बांधावरून चाललीय. कालव्याला मिळणारा कालवा. तो डोळे मिटून ऐकत होता. इंजिन एका सुरात चाललं होतं. आता तिचं सांगणं कामाचं नव्हतं, तरी ती थांबली नाही आणि त्यानेही थांबवलं नाही.

"पोंगल झाला की तंजावरला जाऊ," तो मधेच म्हणाला. "डॉक्टरांना विचारू, पिकला का."

"जाऊ," ती म्हणाली, आणि आडुतुरै दिसायला लागल्याचं तिने त्याला सांगितलं.