फ्रान्सचे तीन शब्द

प्रेमानंदला मिळवायचं होतं ते एवढंच: चौदा एप्रिलला लायब्ररीचा मोठा हॉल, आणि तो आणून दिल्याबद्दल मे महिन्यात टोरोंटोतल्या आंबेडकर असोसिएशनचं अध्यक्षपद. सहा वर्षं जयंती कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमध्ये झालेली. हॉल आणील त्याला मतं, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं.

हॉल कुणाला द्यायचा ते लायब्ररीच्या कमिटीवरचा मार्सेल ठरवायचा. हा बेल्जियमचा, तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झालेला म्हातारा. दर रविवारी दुपारी लायब्ररीत युरोपियन विचारांवर चर्चामंडळही तोच चालवायचा. प्रेमानंद तिथे जाऊ लागला. बँकेतला आयटीवाला माणूस. मीटिंगमध्ये गप्प बसून पगार घ्यायची सवय इथेही कामी आली. बाकीचे सात-आठ जण तावातावाने भांडायचे आणि मग एकाच डब्यातली बिस्किटं खायचे. प्रेमानंद फक्त बिस्किटं खायचा.

एकदा मार्सेल त्याला म्हणाला, "स्वातंत्र्य, समता, बंधुता. आमच्या युरोपातले, फ्रेंच राज्यक्रांतीचे शब्द. तुमच्या नेत्याने ते तिथूनच घेतले, नाही का?"

नाही. बुद्धाकडून घेतले, आणि बाबासाहेबांनी तसं स्वतः सांगून ठेवलंय. असोसिएशनच्या संडे स्कूलमधली पोरंसुद्धा हे सांगतात. प्रेमानंदने मान डोलावली.

"डोलावलीस?" घरी बायकोने, प्रीतीने विचारलं.

"हॉल हातात येऊ दे. मग सांगतो त्याला नीट."

"सांगशील ना. अध्यक्ष झाल्यावर तर रोज सांगशील."

हॉल मिळाला. उपकार फेडायचे म्हणून प्रेमानंदने मार्सेललाच प्रमुख पाहुणा केलं.

चौदा तारखेला हॉल भरला. पहिल्या रांगेत नागपूरहून व्हिजिटर व्हिसावर आलेली प्रेमानंदची आई गंगुबाई, आणि तिच्या शेजारी गणेश. अध्यक्ष व्हायचं गणेशच्याही मनात होतं, पण हॉल त्याच्याकडे नव्हता. मार्सेल माइकवर आला, दोन मिनिटं छान बोलला, आणि म्हणाला, "हे तीन शब्द तुमच्या नेत्याला फ्रान्सने दिले. माझे मित्र प्रेमानंद यांनीही यावर मान डोलावली."

टाळ्या पडल्या नाहीत.

"काय म्हणते तो?" गंगुबाईने गणेशला विचारलं.

गणेशने भाषांतर केलं. इतकं काळजीपूर्वक भाषांतर त्याने कॅनडात कायमचं राहायला लागणाऱ्या स्वतःच्या पीआरच्या कागदांचंही केलं नसेल. एक शब्द गाळला नाही.

गंगुबाई उठून उभी राहिली. "प्रेमा, त्याले सांग, हे शब्द बाबासाहेबानं बुद्धापासून घेतले. फ्रान्सवाल्याईपासून नाही. रेडिओवर सांगतलं होतं त्याईनं. अन् तू मान काऊन डोलावली, तेबी सांग त्याले."

प्रेमानंदने माइक घेतला. पहिला भाग इंग्रजीत सांगितला आणि थांबला.

"अजून एक वाक्य होतं," गणेश खालून म्हणाला. मदत म्हणून.

"आई विचारते, मी मान का डोलावली."

"का डोलावली?" मार्सेलनेही विचारलं. त्याला खरंच कुतूहल होतं.

"हॉलसाठी."

मार्सेलने खिशातून पेन काढलं आणि भाषणाच्या कागदावरची एक ओळ खोडली. "त्या तारखेला हॉल तुमच्याशिवाय कुणी मागितलाच नव्हता," तो म्हणाला. "आणि मंडळ मी चालवतो ते कुणीतरी मला नाही म्हणावं म्हणून. तुमच्या आईला रविवारी पाठवाल का?"

प्रेमानंदने हेही आईला मराठीत सांगितलं. लोक हसले, आता टाळ्याही पडल्या, गंगुबाईसाठी.

मेमध्ये निवडणूक झाली. मार्सेलचं एक वाक्य गेलं, पण त्या बदल्यात त्याला तीन रविवार पुरेल एवढं भांडण मिळालं. गंगुबाई बोलायची आणि प्रीती इंग्रजी करायची. गणेशचं काहीच गेलं नाही, खुर्ची मात्र आली. असोसिएशनला पुढच्या वर्षीचाही हॉल मिळाला. प्रेमानंदला मतं पडली चार. आई मेंबर नाही, तिचं त्यात धरता येत नाही. प्रीतीचं धरायचं की नाही, ते तिने अजून सांगितलेलं नाही.