पूनम मोकळी होती

दोरीवर वाळत घातलेलं नडगीचं गार्ड वाऱ्यावर हळूच गिरकी घेत होतं – एकच. दुसरं काल मलकापुरातच राहिलं असावं – आणि धुऊनसुद्धा त्याच्या शिवणीत मैदानाच्या मुरमाची तांबूस रेघ तशीच होती. जनकाबाईनं ती नखानं खरवडून पाहिली. निघेना. पुन्हा खरवडली, आणि खरवडता खरवडता तिचं बोट जागीच थांबलं, कारण डोळ्यांसमोर परत तेच आलं... समता बॉल घेऊन निघाली आहे, एकीला मागं टाकलं, दुसरीला टाकलं, आणि तिकडं उजव्या अंगाला, चुन्याच्या रेषेला लागून, पूनम – एकटी, मोकळी, जवळपास कोणी म्हणजे कोणी नाही, अन् हॉकी स्टिक वर केलेली – दे ना वं, दे ना तिले, दे...

नाही दिला.

काल आपण हरलो. ‘आपण’ हा शब्द जनकाबाईच्या मनात कधीपासून येऊन बसला होता, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. पूर्ण वेळ बरोबरी झाली होती. मग जादा वेळ, आणि जादा वेळेत जो आधी गोल टाकील त्याचा कप, असं पंचांनी दोन्ही कॅप्टनांना मध्ये बोलावून सांगितलं होतं. समताच्या स्टिकवरून बॉल गेला, खामगावच्या पोरी वळल्या, आपली गोलकीपर पुढं यावं की मागं राहावं या विचारात असतानाच गोलातल्या फळीवर खट्ट वाजलं. धामणगाव बढेच्या पोरींची ही तिसरी फायनल, आणि तिसऱ्यांदा दुसऱ्यांनीच कप उचलला.

सून समता रात्री जेवली नाही. सकाळी चहाचा कप तसाच ठेवून ती मेडिकलवर कामाला निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, “झालं ते झालं, आत्या.” आणि त्याच्याही आधी तिचा नवरा संघर्ष ड्यूटीवर जाताना आईच्या कानाशी लागून सांगून गेला होता – तिले काही बोलू नको, माय. म्हणजे मी काय बोलणार होती? मी का तिची दुश्मन आहे? पण खरं होतं, बोलायचं होतंच. कालपासून सगळा सामना तोंडात धरलेल्या गरम घासासारखा झाला होता – गिळवत नव्हता, टाकवत नव्हता.

तिनं ज्वारीचा डबा काखेत मारला आणि चक्कीकडं निघाली.

चक्की अजून दिसत नव्हती तेव्हाच आवाज ऐकू आला. पट्ट्याच्या घरघरीवर आवाज चढवून माणसं भांडत होती, आणि कशावरून ते जनकाबाईला वळणावरच कळलं. पेनल्टी कॉर्नर! इतके कॉर्नर भेटले, एकाचं सोनं नाही झालं! – अबे कॉर्नरचं सोड, पोरींचा दम सुटते शेवटी, दम! – दम नाही, गोलकीपर... तिची पावलं आपोआप भराभर पडू लागली. अंगात कसली तरी हुशारी भरली. काल परतीच्या गाडीत सगळे चिडीचूप होते, घरात चिडीचूप, आणि इथं – वा रे वा, इथं खरा सामना चालू होता! कॉर्नरचं तर तिलाही सांगायचं होतं. कॉर्नर घेताना ती गोलरेषेवरची पोरगी आधी मान वर करून बघते आणि मग बॉल ढकलते, म्हणजे समोरच्यांना पत्रच पाठवते की आता येतो आहे बरं का...

ती उंबऱ्यात आली. चक्की चालूच राहिली, माणसं बंद झाली.

“या काकू, या,” ज्ञानेश्वर चक्कीवाला म्हणाला आणि तिच्या हातातून डबा घेतला. डोळे मात्र डब्याकडंच. “आज ज्वारी का?”

“ज्वारी हाय. तुमचं काय चालू होतं?”

“काही नाही, असंच... कापसाचं.” मग त्यालाच बरं वाटलं नसावं. “काकू, समता वैनीचा काही दोष नाही बरं. गावात कोनी काही म्हनो, तुमी मनावर घेऊ नका.”

कोनी काही म्हनो. म्हणजे म्हणत होते. तिथं बसलेल्या चौघांच्या चेहऱ्यांवर एकच भाव होता, मयताच्या घरी गेल्यावर असतो तसा, आणि जनकाबाईच्या डोक्यात रागाची एक शीर तटतटली. कोणावर राग ते तिला नीट कळेना. सुनेला नावं ठेवतात म्हणून? छे. ठेवा ना! पण माझ्यासमोर ठेवा. मी पण पाहिलं ना काल – उन्हात, उभ्यानं, घसा फाटेस्तोवर ओरडत...

पूर्वीही असंच होतं. रामराव जिवंत असताना हॉकीचा सामना असला की रेडिओ ओट्यावर यायचा, त्याच्याभोवती चार डोकी जमायची, आणि जनकाबाई आतून चहा घेऊन यायची. नेमकी तेव्हा कॉमेंट्रीवाल्याचा आवाज चढलेला असायचा, पुरुष गुडघ्यांवर उठलेले, कोणी कोणाचा दंड आवळून धरलेला, आणि तिच्या हातातली कपबशी थडथडायची – काय झालं? कोनं गोल केला? आपन का त्याईनं? – आणि रामराव मान न वळवताच म्हणायचे, “तुले काय समजते त्याच्यातलं? कप ठेव.” माणूस वाईट नव्हता. आठवड्याच्या बाजारातून तिच्यासाठी आठवणीनं जिलेबी आणणारा माणूस. पण कोण जिंकलं ते त्यानं कधी सांगितलं नाही, आणि ती चुलीपाशी बसून ओट्यावरच्या हशावरून, शिव्यांवरून अंदाज बांधायची... किती वर्षं मी असे अंदाजच बांधले!

म्हणून तर त्या दिवशी... खरं म्हणजे त्या दिवशी ती भांडायलाच गेली होती. सोजराबाई, तिची जाऊ, घरी येऊन म्हणाली होती, “तुही सून अर्ध्या चड्डीवर पळून राह्यली शाळेच्या मैदानात, अन् तू इथं भाजी निवडून राह्यली!” समता वरवट बकालची, माहेरी शाळेत असताना खेळायची, आणि इथं शाळेच्या सरांनी गावातल्या पोरींचा संघ काढला तेव्हा कोणाला न विचारता जाऊन उभी राहिली. जनकाबाई हाताला धरून घरी आणायला निघाली. मैदानाच्या कडेला पोचली. समोर सून पळत होती... पळत कसली, जमिनीवरून वाहत होती. बॉल तिच्या स्टिकला जणू सुतानं बांधलेला. आणि जनकाबाई कशासाठी आलो ते विसरली. थोड्या वेळानं कोणीतरी मोठ्यानं ओरडलं, “अवं मार ना!” – मागं वळून पाहिलं तर मागं कोणी नव्हतं.

“काकू, पीठ घरी पाठवून देतो,” ज्ञानेश्वर म्हणाला.

ती बाहेर पडली. घराकडं जायचं सोडून स्टँडकडं वळली.

स्टँडसमोरच्या हॉटेलात बायका बसत नाहीत. बसू नये असं कोणी म्हटलेलं नाही, पण बसत नाहीत. पार्सल घेतात आणि जातात. बाहेरच्या बाकावर गुलाबराव होते, रामरावांचे जुने दोस्त, त्या ओट्यावरच्या चार डोक्यांपैकी उरलेलं शेवटचं. सोबत आणखी तिघं-चौघं. गुलाबरावांचा हात हवेत होता, बोटं पसरलेली, “...तठी तिनं बॉल–” आणि जनकाबाई दिसताच तो हात अलगद खाली आला, आणि त्या हातानं आलूबोंडा उचलला.

“या वैनी. दवाखान्यात चालल्या का?”

“नाही.” ती बाकावर बसली. सगळे सरकले, जरा जास्तच सरकले. “एक चहा दे रे,” ती आत बघून म्हणाली. भर रस्त्यात काहीतरी चोरल्यासारखं तिला वाटलं. “चालू द्या भाऊजी तुमचं. तठी तिनं बॉल काय?”

“काही नाही हो... हार-जीत चालतेच. पोरी लय चांगल्या खेळल्या.”

“चांगल्या खेळल्या तं हरल्या कायले?”

एस.टी. आली, हॉर्न वाजवून गेली. गुलाबराव आलूबोंड्याकडं असे बघत होते, जणू त्यात काही लिहिलेलं असावं. हे सगळे मला जपत आहेत, तिच्या मनात आलं. रामराव जपत नव्हते, हे जपतात, आणि दोन्हीकडून मी आपली चुलीपाशीच... आणि मग तो घास, कालपासूनचा, आपोआप सुटला.

“समतानं बॉल सोडला नाही!”

आवाज एवढा मोठा निघाला की आतला पोऱ्या डोकावला.

“पूनम मोकळी होती,” ती म्हणाली. “तुमाले दिसली नाही का? रेषेपाशी होती, एकटी. समतानं दोघी मागं टाकल्या, झ्याक टाकल्या, पन तिसरीच्या अंगावर कायले गेली? तिरपा द्याचा ना! पूनम तठून सरळ गोलापुढच्या डीमधी घुसली असती, अन् कप आज आपल्या शाळेत राह्यला असता!”

मग गुलाबरावांनी मांडीवर थाप मारली.

“तेच! तेच म्हनून राह्यलो मी सकायपासून!”

“काय तेच? चूक!” पलीकडचा एक जण उसळला. “पूनमले बॉल दिला असता तं ऑफसाइड–”

“हॉकीत ऑफसाइड कुठं राह्यलं बे आता!” गुलाबराव गरजले.

आणि बांध फुटला. चहाचे ग्लास मैदानात उतरले – हा समता, हा पूनम, बिसलेरीची बाटली म्हणजे खामगावची ती उंच डिफेंडर. जनकाबाईनं समताचा ग्लास पुढं सरकवला, कोणीतरी बाटली आडवी घातली, ती म्हणाली, अशी नव्हती, डाव्या अंगानं आली ती, आणि तिनं स्वतः बाटली उचलून डाव्या अंगाला ठेवली, आणि कोणी हरकत घेतली नाही! कॉर्नरचंही तिनं सांगून टाकलं, ते मान वर करून पाहण्याचं. एक जण म्हणाला, बाप्पा, हे तं ध्यानातच आलं नाही. दुसरा म्हणाला, खोटं हाय, मी पाह्यलं, ती नाही पाहत. “पाहते!” “नाही पाहत!” तिला कोणीतरी तोंडावर ‘चूक’ म्हणत होतं, आणि केवढं बरं वाटत होतं ते... चहा आला, सांडला, लुगड्यावर डाग पडला, तिचं लक्ष नव्हतं. तळहात गरम झाले होते. हरल्याचं दुःख गेलं नव्हतं, पण ते आता छातीत दगडासारखं पडून नव्हतं; हातापायांतून धावत होतं, घामासारखं बाहेर येत होतं. “मी सांगते ना,” ती पुन्हा म्हणाली, “एकटीनं जिकाची हाव झाली तिले. हावच झाली! नाही तं पूनम–”

गुलाबरावांची नजर जनकाबाईच्या खांद्यावरून पलीकडं गेली.

मेडिकल समोरच होतं. समता रस्ता ओलांडून दुकानासाठी चहा न्यायला आली होती, हातात रिकामी किटली घेऊन. किती ऐकलं तिनं? सगळंच ऐकलं असणार. तिचा चेहरा काल सामना संपल्यावर होता तसाच होता, बंद, आणि डोळ्यांखाली काळं.

संघर्षनं सांगितलं होतं ना मले... एवढं एक सांगितलं होतं.

“पूनमचा पाय मुरगळला होता,” समता म्हणाली. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “जादा वेळ सुरू व्हाच्या आधीच. बदली खेळाडू उरली नव्हती. तिनं मले सांगलं, कोनाले सांगू नको, फक्त माह्याकडं बॉल देऊ नको, मी नुसती उभी राहीन. म्हनून नाही दिला, आत्या. हाव नव्हती.”

जनकाबाईला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. ग्लास, बाटली, सांडलेला चहा, सगळं एकाएकी पोरखेळ वाटू लागलं. खरंच तुले काय समजते... आणि तरी, त्या शरमेच्याही आत, कुठंतरी खोल, एक हट्टी गोष्ट हलायची थांबेना. मी पाहिलं होतं. मी हे पाहिलं होतं.

“मंग तिनं स्टिक काऊन वर केली?” तिच्या तोंडून निघालं.

“कोनी?”

“पूनमनं. तू दुसरीले मागं टाकलं ना, तवा तिनं स्टिक वर केली. अशी. अन् पळाली बी. दोन पावलं पळाली.”

किटली समताच्या हातात हलायची थांबली. त्या बंद चेहऱ्यात काहीतरी किलकिलं झालं.

“स्टिक वर केली होती?”

“हाव, केली होती.”

“मले नाही दिसली.” समता म्हणाली. “मी तिकडं पाह्यलंच नाही. ती नाही म्हनली होती ना... म्हनून पाह्यलंच नाही मी.”

तिनं किटली खाली ठेवली. बाकाला वळसा घालून आली आणि सासूच्या शेजारी, भर स्टँडवर, पुरुषांच्या बाकावर बसली. सकाळपासून मेडिकलवर आलेल्या प्रत्येकानं तिला ‘जाऊ दे’ म्हटलं असणार, प्रत्येकानं. आणि आता ती पुढं वाकली होती, डोळे असे, जसे काल डीच्या तोंडाशी होते.

“कशी वर केली, आत्या? नीट सांगा. बॉल मागून राह्यली होती? का मले थांबवून राह्यली होती, का देऊ नको म्हनून?”

जनकाबाईनं तोंड उघडलं. बॉल मागत होती – सरळ होतं, काल रात्रभर तेच तर डोळ्यांसमोर... पण आता, समता विचारत असताना, ती वर गेलेली स्टिक पुन्हा दिसली आणि जरा वेगळी दिसली. ऊन डोळ्यांवर होतं. पूनमचा चेहरा कसा होता? तोंड उघडं होतं, ओरडत होती, पण काय? आणि ती दोन पावलं... ती पळत होती, की कळ आली म्हणून लंगडत होती? की आधी नाही म्हणून, ऐन वेळी सगळं विसरून, दुखरा पाय तसाच ओढत... कारण ती वेळच तशी होती, त्या वेळी मेलेलं माणूससुद्धा उठून बॉल मागेल...

सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. गुलाबरावसुद्धा. मघाचीच शांतता, पण ही तशी नव्हती. ही शांतता तिच्यासाठी जागा करून थांबली होती, आणि त्या जागेत उभं राहताना जनकाबाईला भीती आणि आनंद एकदमच वाटत होते, कोणतं कोणतं ते सांगता येऊ नये असे. खोटं सांगायचं नव्हतं. पाहिलं तेवढंच सांगायचं होतं, आणि काय पाहिलं ते आता पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, नीट पाहायचं होतं.

“थांब,” ती म्हणाली, आणि डोळे मिटले. “थांब जरा. मले पाहू दे.”