गुरुवारचा तिसरा माणूस

एल्डर म्हणजे वडीलधारा. आमच्या चर्चमध्ये ही पदवी विशीतल्या पोरांना मिळते, ज्यांना स्वतःच्या शर्टाची कॉलर धड इस्त्री करता येत नाही. अमेरिकेतून दोन वर्षांसाठी येतात, छातीवर नावाची काळी पट्टी लावतात आणि जोडीजोडीने सायकलवर फिरून आम्हा डॅनिश लोकांना देव समजावून सांगतात. लोक दार उघडतात, पट्टी वाचतात आणि दार लावून घेतात. मी जन्मापासून या मॉर्मन पंथातली आहे, माझी आजीही होती, त्यामुळे असे वडीलधारे मी ढिगाने पाहिलेत. माझं देवाशी भांडण नाही. त्याच्या विक्रेत्यांशी आहे.

त्यातला एल्डर जेप्सन मात्र चांगला लक्षात राहिला. पहिल्याच रविवारी त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून जाहीर केलं, "भगिनी होल्क, मीसुद्धा डॅनिश आहे!" त्याचे खापरपणजोबा म्हणे इथल्याच कुठल्याशा खेड्यातून अमेरिकेत यूटाला गेले होते.

"हो का?" मी म्हटलं. "मग परत यायला एवढा उशीर का केलास?"

तो खो खो हसला. त्याला टोमणा कळायचाच नाही. टोमणा न कळणारा माणूस स्वतःला डॅनिश म्हणवतो, यावर काय बोलणार!

आमच्या फ्रेडरिकशाव्न गावात त्यांची खोली माझ्या घरासमोर, सायकलच्या दुकानावर. पडदे लावायचं भान दोघांनाही नव्हतं, त्यामुळे त्यांचा दिवस मला आयता दिसायचा. उजाडायच्या आत उठून खिडकीत उड्या. मग प्रार्थना, मग धर्मग्रंथ, मग डॅनिशचा अभ्यास, ज्याचा जेप्सनच्या जिभेवर काही परिणाम झालेला मला कधी ऐकू आला नाही. मग हेल्मेट घालून बाहेर. एकाने दुसऱ्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही असा त्यांचा नियम, त्यामुळे दूध आणायलासुद्धा दोघं. जेप्सनचा जोडीदार एल्डर लेविट नुकताच आला होता. घरच्या आठवणीने त्याचं नाक कायम लाल असायचं आणि तो निमूटपणे मागून सायकल मारायचा.

सोमवारी कपडे धुवायचे आणि घरी फोन करायचा. जेप्सन केस ओले करून दुकानाबाहेरच्या बाकावर बसायचा आणि फोन हातभर लांब धरून आईशी बोलायचा. "मॉम, इथले लोक किती तयार आहेत म्हणून सांगू!" कोण तयार होतं? आदल्याच आठवड्यात बंदरावरच्या मासेवालीने या दोघांवर पाण्याची नळी रोखली होती. पण तो तरी आईला काय सांगणार? त्याच्या थोरल्या भावाने ब्राझीलमध्ये इतक्या जणांना बाप्तिस्मा दिला होता की घरच्या भिंतीवर फोटोंना जागा उरली नव्हती. याची दोन वर्षं संपत आली तरी पाटी कोरीच.

सेवाही चालायची. शरद ऋतूत दोघं पिवळे सदरे घालून शेजारच्या अंगणातली पानं गोळा करायला आले. पानं लेविटने ओढली. जेप्सनने दाताळं हातात धरून फोटो काढून घेतला. मग ढीग लहान दिसतो म्हणून लेविटला पलीकडच्या अंगणातली पानं आणून त्यात टाकायला लावली. पलीकडचं अंगण माझं होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

या पोरांना दर गुरुवारी जेवायला घालायचं काम माझ्याकडे. पण तिथे दुसरा नियम आडवा येतो. एकट्या बाईच्या घरात त्यांनी पाऊल टाकायचं नाही. त्यांच्याखेरीज आणखी एक मोठा पुरुष घरात हवा. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, वय अडुसष्ट, एका गुडघ्यात लोखंड. तरी दोन धडधाकट पोरांना माझ्यापासून वाचवायला तिसरा माणूस लागतो. मी शेजारच्या एगॉनला बोलावलं.

एगॉन टॉफ्टने जन्मभर मासेमारी केली. आता ऐंशीला टेकलाय, आणि बायको केट्टी गेल्यापासून घरात एकटा. देवाधर्माशी त्याचं काही देणंघेणं नाही.

"म्हणजे मला फुकट जेवण, आणि त्याबदल्यात तुझी अब्रू राखायची?" त्याने विचारलं.

"माझी नाही रे. त्यांची."

"मग येतो. तुझी राखायची असती तर वर गोडही मागितलं असतं."

आमच्या धर्मात कॉफी चालत नाही, त्यामुळे ती माझ्या घरात नसते. कॉफीशिवाय झालेलं जेवण एगॉन जेवण मानत नाही. म्हणून तो स्वतःचा थर्मास घेऊन यायचा. बोटीवरचा, हिरवा, पोचे पडलेला. तो टेबलाखाली पायापाशी ठेवायचा आणि जेवण झालं की खाली वाकून गुपचूप ओतून घ्यायचा. मीही नेमकी तेव्हाच खिडकीबाहेर बघायचे. खिम्याचे तळलेले गोळे, बटाटे, तपकिरी रस्सा, लाल कोबी. लेविट पुन्हा पुन्हा वाढून घ्यायचा, जेप्सन बोलायचा, आणि एगॉन त्याच्या बोलण्यातल्या खोड्या काढायचा. आठवड्यातून त्याच एका दिवशी एगॉन दाढी करायचा. एरवी तो सिंकपाशी उभा राहून डब्यातली हेरिंग मासळी डब्यातूनच खातो, ते मला माझ्या खिडकीतून दिसतं.

एका गुरुवारी एगॉनला यायला उशीर झाला. बाहेर गारांचा पाऊस. मी दार उघडून पोरांना म्हटलं, "आत या, निमोनिया होईल." लेविटने पाय उचललासुद्धा. जेप्सनने त्याची बाही धरली. "नियम म्हणजे नियम, भगिनी होल्क. देव बघतो." एगॉन येईपर्यंत दोघं फाटकापाशी भिजत उभे राहिले. जेप्सनच्या चेहऱ्यावर हौतात्म्याचं तेज. लेविटच्या चेहऱ्यावर नुसतं पाणी.

नोव्हेंबर आला आणि जेप्सनची नजर एगॉनवर पडली. इतके दिवस तो तिसरा माणूस होता, आता तो पहिला झाला.

"एगॉन, माझ्या मित्रा," रस्सा घेता घेता जेप्सन म्हणाला. त्याचे सगळेच मित्र. "तुम्ही बाप्तिस्म्याचा विचार केलात?"

"पाण्यात पडू नये म्हणून जन्मभर धडपडलो," एगॉन म्हणाला. "आता मुद्दाम पडू?"

"पण केट्टी तिकडे तुमची वाट बघत असेल."

एगॉनने काटा ताटात ठेवला. ते रश्श्याचं भांडं जेप्सनच्या डोक्यावर पालथं घालावं असं मला मनापासून वाटलं. याने केट्टीला कधी पाहिलं नाही, आणि तिला आमिष म्हणून गळाला लावून बसला होता!

"ती कुणाची वाट बघणाऱ्यातली नव्हती," एगॉन म्हणाला. "बोट उशिरा आली की जेवून झोपायची."

जेवण झाल्यावर दारात जेप्सनने खरी गोष्ट काढली. आवाज मऊ, मान तिरकी. "आमचा वेळ प्रभूचा आहे. जे पुढे पाऊल टाकत नाहीत त्यांच्यासाठी आम्हाला तो घालवता येत नाही. एगॉनने काही ठरवलं नाही, तर हे गुरुवार बंद करावे लागतील."

हा नियम त्याचा घरचा, कारण इतक्या वर्षांत मी तो कुणाकडून ऐकला नव्हता. माझ्या मनात आलं, बंद कर बाबा, दोन ताटं कमी घासावी लागतील. पण माझं लक्ष एगॉनकडे गेलं. टोपी हातात धरून तो उभा होता, आणि गुरुवार बंद हे ऐकून त्याचा चेहरा पडला होता. म्हणजे या टोणग्यांचा याला लळा लागला तर! मला त्याची कीव आली आणि रागही आला. एवढा समुद्र पाहिलेला माणूस, आणि जीव कुणावर लावला, तर जेप्सनवर.

पुढच्या गुरुवारी एगॉन थर्मासशिवाय आला.

"सोडली," तो म्हणाला. "बाप्तिस्म्याला शनिवार ठरलाय." जेवण झाल्यावर त्याने दुधाचा ग्लास पुढे ओढला. जेप्सनने त्या ग्लासाचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला कुंपणापाशी गाठलं. "तू यातलं काही मानतोस तरी का रे?"

"हेच मला तिसऱ्याच एका पोराने विचारलं, बाप्तिस्म्याआधीची मुलाखत घ्यायला चर्चने पाठवला होता त्याला. मी म्हटलं, तुम्ही लोक हे मानता यावर माझा पक्का विश्वास आहे. त्याने मान डोलावली आणि निघून गेला."

"अगदीच म्हातारचळ लागलाय तुला."

"गुरुवारी काय करणार आहेस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, डुकराचं भाजलेलं मांस. तो समाधानाने आत गेला.

बाप्तिस्म्याचा हौद ऑलबोर्गच्या चर्चमध्ये आहे. आमचा नियम असा, की माणूस अख्खा पाण्याखाली गेला पाहिजे. नखभर जरी वर राहिलं तरी पुन्हा बुडवायचं. ते बघायला दोन साक्षीदार असतात, आणि हल्ली बायकांनाही साक्षीदार होता येतं. एका बाजूला मी उभी राहिले, दुसऱ्या बाजूला लेविट. समोर तिकाटण्यावर जेप्सनचा फोन, आणि त्यात यूटाहून पहाटे उठून बसलेली त्याची आई.

एगॉन पांढरे कपडे घालून, अनवाणी, कठडा धरून पायऱ्या उतरला. मला त्याच्याकडे बघवेना. जेप्सनने उजवा हात वर केला, प्रार्थना म्हटली आणि त्याला मागे झुकवून बुडवलं. पाणी फुटलं. एगॉनचा डावा पाय वर आला.

"पाय," मी म्हटलं.

जेप्सन हसला, फोनकडे बघून मान डोलावली आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तोच पाय.

"पाय."

तिसऱ्या वेळी पाय खाली राहिला, पण अंगठा तेवढा पाण्याबाहेर ताठ उभा. लेविटने माझ्याकडे बघितलं. जेप्सन फोनकडे पाठ करून माझ्याजवळ सरकला. त्याचं हसू आता ओठांवरच वाळलं होतं.

"भगिनी होल्क, एवढं चालतं," तो कुजबुजला. "देव समजून घेईल."

गारांमध्ये लेविटला भिजवणारा हाच तो. मी इतका वेळ त्याला मूर्ख समजत होते, आणि मूर्खाला माफ करता येतं. हा मूर्ख नव्हता. जो नियम याला मिरवायला उपयोगी, तो देवाचा. जो आड येईल, त्यावर देव समजूतदार.

"नियम म्हणजे नियम," मी मोठ्याने म्हटलं, म्हणजे आईलाही ऐकू जावं. "देव बघतो."

जेप्सनने चौथ्यांदा हात वर केला, पण एगॉनने तो धरून खाली आणला. "आज पुरे, पोरा. थंडी वाजते." पाणी चांगलं कोमट होतं.

मागच्या बोळात मी त्याला बाकावर बसवलं आणि अंगावर टॉवेल टाकला. "गाढवा, इतकी वर्षं समुद्रावर काढलीस, आणि एक पाय पाण्याखाली ठेवता येत नाही?"

"येतो की," एगॉन म्हणाला.

"मग?"

"बुडवून झालं की त्याचं काम संपलं. बुधवारी तो घरी परत चाललाय, लेविट बोलून गेला. फोटो घेऊन जाईल आणि परत कोण येतंय! नाही म्हणावं, तर गुरुवार आजच बंद." त्याने नाक पुसलं. "पण अर्धवट राहिलो, तर कुणीतरी येत राहणार. हा नाही तर पुढचा. गळाला लागलेला मासा आहे म्हटल्यावर दोरी कोण सोडतंय?"

"त्या दोन खुळ्यांसाठी कॉफी सोडलीस? तीनदा पाण्यात गेलास?"

"खुळे गेले खड्ड्यात," तो टॉवेलमधून मान वर न करता म्हणाला. "ते आले नाहीत तर तू मला जेवायला कशाला बोलावशील?"

माझे डोळे भरून आले, त्याचा मला भयंकर राग आला. मी दुसरा टॉवेल घेतला, लोखंडाच्या गुडघ्यावर कशीबशी खाली बसले आणि त्याचा तो डावा पाय पुसून काढला.

तेवढ्यात जेप्सन आला. केसांतून पाणी गळत होतं, हातात फोन. "सोमवारी करू या? सोमवार मला जमेल."

"सोमवारी नाही आणि कधीच नाही," मी म्हटलं. "गुरुवारही बंद."

"पण एगॉन काय करणार?"

"एगॉन येणार आहे. तुम्ही येणार नाही."

त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच खरंखुरं दुःख पाहिलं. "तुम्ही दोघंच? एकट्या बाईच्या घरी?"

"हो. तिसरा माणूस लागलाच तर तुला यूटाला कळवू."

त्याच्या मागे लेविट उभा होता, बटाटे गेले म्हणून डोळ्यांत पाणी आणून. त्याला म्हटलं, "तुझा डबा फाटकावर आणून देईन, तिथे कुठलाच नियम मोडत नाही." मग मी एगॉनकडे वळले.

"गुरुवारी सहाला ये, दाढी करून. आणि तो थर्मास आण, टेबलावर ठेव. या वयात खाली वाकून ओततोस, ते मला बघवत नाही."