नुसतं टक्

“मारा सेल्फ!” बॉनेटमध्ये डोकं घालून अण्णाप्पा ओरडला.

हंबीररावांनी चावी फिरवली. टक्. पुढं काही नाही.

“बॅटरी बसलीया,” हंबीरराव आतून म्हणाले.

“आबा, हॉर्न कसा बोंबलतोय! बॅटरी ठणठणीत हाय.”

कसबा बावड्यात अडलेल्या गाडीपाशी अण्णाप्पा मेकॅनिकला बोलावत ते त्याच्या कानासाठी. टकटकटक वाजलं तर बॅटरी, एकच टक् म्हणजे मोटार नाहीतर तार, काहीच नाही तर चावीपासून शोधायचं. तीस वर्षांत त्याचं निदान चुकलं नव्हतं. हे तो स्वतःच सांगत सुटायचा, त्यामुळे गल्लीला पाठ झालं होतं.

डाव्या बाजूला येताच तो थबकला. आरसा मोडलेला, दाराला हातभर खरवड. “हे काय ओ?”

“कुत्रं आडवं आलं.”

खरवडीत चुना भरला होता. कुत्र्याच्या अंगाला चुना नसतो, हे अण्णाप्पाला कळत होतं. पण गिऱ्हाइकाच्या तोंडी कशाला लागा? तो पुन्हा वाकला.

गिअरबॉक्सवरची अर्थिंगची तार ढिली होती. सगळीकडे धूळ, आणि बोल्टाचं डोकं तेवढं नुकतंच घासलेलं. कुणीतरी पाना लावला होता. कुणी, हा प्रश्न मनात येईपर्यंत हातानं बोल्ट आवळूनही टाकला. हाताची खोड, दुसरं काय.

“मारा!”

गाडी एका दमात सुरू झाली. हंबीरराव खुशीत हसले. “वा रं पठ्ठ्या! पाचला संयोगिताची शाळा सुटती. नातीला मीच आणतो.”

दारात हंबीररावांची बायको, आक्का, चहा घेऊन उभी होती. ती बॉनेटजवळ आली आणि इंजिनाच्या आवाजाआड पुटपुटली, “काय केलंस रं हे! मीच ढिली केलती ती.”

अण्णाप्पानं नुकत्याच आवळलेल्या बोल्टाकडे बघितलं.

“मंगळवारी चालवता चालवता शुद्ध गेली त्यांची. भिंतीला घासली गाडी. मागं पोरगी बसलीती. डॉक्टरनं गाडीला हात लावू नका म्हणून लिहून दिलं, तर चिठ्ठीच फाडली. आमच्या पोराला सांगितलंस तर जीव देतो म्हणत्यात.”

“पण तार कुठली ते कसं कळलं?”

“दसऱ्याला तूच दाखवलंस की. ही ढिली झाली की गाडीचा बैल उठत न्हाई, म्हणालास.”

आपली बढाई अशी कुणाच्या कामी येईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आणि आज त्यानंच ते काम मातीत घातलं होतं.

“आबा, बंद करा जरा. आवाज बरा वाटंना.”

इंजिन थांबलं. सेल्फला करंट पोचवणारा काडेपेटीएवढा रिले अण्णाप्पानं उपटला आणि खिशात टाकला. बाहुबलीच्या डोंगरावर मुनींसमोर त्यानं नेम घेतला होता, धंद्यात खोटं बोलणार नाही. आज तो मोडणार होता.

“मारा.”

आता टक् सुद्धा नाही.

“मोटार जळली, आबा. ही आता न्हाई चालायची.”

“आत्ता तर चालू झालती!”

“दिवा इझताना मोठा हुतोय, तसं.”

हंबीररावांनी स्टिअरिंगवर हात आपटला. “कान गेलं तुजं, अण्णाप्पा. हात बी गेला. गावभर सांगतो.” त्यांनी फोन काढला. “कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या सम्राटलाच बोलवतो. कळतंय त्याला.”

आक्कानं चपला घातल्या. “मी रिक्षानं आणती पोरीला,” म्हणाली आणि वळून न बघता निघाली. आजचं भागलं होतं. उद्याही शाळा होतीच.

अण्णाप्पानं हत्यारं गोळा केली. तीस वर्षांचं नाव पाच मिनिटांत गेलं, याचं त्याला फार वाईट वाटलं. फाटकाबाहेर स्कूटरवर बसला, तोच मागं चावी फिरल्याचं कळलं. गाडीनं बोलावं म्हणून जन्मभर कान लावले होते. आज ती गप्प राहावी म्हणून लावले.

गाडी गप्प राहिली.

कोपऱ्यावरून सम्राटची मोटारसायकल वळली. रिलेची रिकामी जागा त्या पठ्ठ्याला बॉनेट उघडताच दिसणार होती, आणि नवा रिले घालून तो गाडी सुरू करणार होता. अण्णाप्पा उतरला, स्कूटर गल्लीच्या मधोमध आडवी लावली आणि खिशातला रिले मुठीत घट्ट धरून तिच्यापुढं उभा राहिला.