डाव्या हाताचा ब्रेक

माझी नणंद स्पष्टवक्ती आहे असं लोक म्हणतात. मी तिला फटकळ म्हणते, आणि तोंडावर म्हणते, म्हणून आमचं जमतं. आमच्या सायकलवाल्यांच्या टोळीची ती म्होरकी. डोंगररस्त्याने खाली उतरायचं तर दोन्ही ब्रेक वेगवेगळे लागले पाहिजेत, हा तिचा नियम. आमच्या गल्लीचा उतार दवाखान्याच्या फाटकाशी संपतो. त्या उतारावर आधी एका हाताच्या ब्रेकने सायकल थांबवायची, मग दुसऱ्या हाताच्या. फाटक ओलांडलं, तर रविवारच्या फेरीला घरी बसा.

गेल्या वर्षी माझं डावं मनगट मोडलं. सायकलवरून पडून मोडलं असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. बाथरूममध्ये घसरले. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण पकड काही परत आली नाही. मी शिवणकाम करते. मशीनवर कापड सरकवायला तेवढा हात पुरतो, पण मागच्या चाकाचा ब्रेक त्याच हातात. दाबायला गेले की दांडी अर्ध्यात येऊन अडायची. रबरी चेंडू दाबून दाबून मी जेरीस आले होते. परीक्षेत मात्र फाटक प्रत्येक वेळी मागे जायचं.

"ताई, ब्रेकची वायरच जड चालतेय," मी म्हटलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली आणि निघून गेली.

माझ्या नवऱ्याला हे लागलं. तो माणूस छापखान्यात यंत्रावर काम करतो. घरी आल्यावरही त्याचा हात शिवशिवतो, आणि ते घरातल्या सगळ्या वस्तू भोगतात. त्याने दुरुस्त केल्यापासून आमचा पंखा एकाच वेगात फिरतो. दुसऱ्या दिवशी तो सायकलच्या दुकानातून सगळ्यात भारी वायरींची डबी घेऊन आला. ब्रेकच्या वेगळ्या, गिअरच्या वेगळ्या, वर गुळगुळीत लेप. शर्यतीतले लोक हीच घालतात, असं दुकानदाराने सांगितलं म्हणे.

"दुकानातच बसवून घेऊ या," मी म्हटलं.

"त्यात काय आहे एवढं? जुनी ओढायची, नवी घालायची."

त्याने ब्रेकची वायर घातली. मी दांडी दाबली. जशी होती तशीच, अडत अडत. त्याचा चेहरा इतका उजळलेला होता की मी मान डोलावली. सरळ उतारावर गेले. फाटकाशी नणंद उभी होती. मी तिच्यासमोरून पुढे निघून गेले आणि उजव्या ब्रेकने थांबले.

"आता तर वायरही भारीतली आहे गं," ती म्हणाली. या वेळी टोमणा नव्हता. तिला वाईट वाटत होतं, आणि तेच मला सहन झालं नाही.

साधी वायर होती तोवर मला बोट दाखवायला जागा होती. भारी वायर आली आणि सगळं खापर माझ्या हातावर फुटलं. मी तिथेच सांगून टाकलं, सायकल विकायची. नणंदेच्या ओळखीच्या एका शिक्षिकेला तशी हवीच होती. ती शनिवारी संध्याकाळी बघायला येणार असं ठरलं. घरी आल्यावर मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. त्या दिवशी मी मशीनची सुई मोडली.

शनिवारी सकाळी एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं. मीच शिवलेली कापडी पिशवी, तोंडाशी दोरी ओवलेली. दोरी ओढली तरी तोंड आवळेना. बाई म्हणाल्या, "मी वेगळी साटिनची दोरीसुद्धा घालून पाहिली हो. पैसे टाकून आणली. तरी अडकतेच."

मी नेफा चाचपला. दोरी जिथून आत जाते तिथेच माझी टीप चढली होती आणि तोंड दबलं होतं. चूक माझीच. तरी आवाज माझाच चढला. "अहो, दोरी रेशमाची आणा नाहीतर सोन्याची, नेफ्याचं तोंडच दबलंय तर ती सरकणार कशी?"

बोलले आणि कात्री हातातच राहिली.

बाईंना थांबवून मी अंगणात गेले. ब्रेकची वायर एका नळीतून जाते, त्या नळीला आजवर कोणी हात लावला नव्हता, असं मी धरून चालले होते. दांडीकडचं तिचं टोक खाचेतून बाहेर ओढलं. तोंड चेपलेलं. मागच्या चाकाकडचं टोकही तसंच, चेपलेलं आणि वाकडं कापलेलं. वायर थोडी ओढून पाहिली. तिच्यावरचा तो गुळगुळीत लेप सोलून निघाला होता आणि नळीच्या तोंडाशी त्याचा भुसा साठला होता. घोडं कुठे पेंड खात होतं ते डोळ्यांना दिसत होतं.

"अरे, ही नळी कोणी कापली?" मी नवऱ्याला हाक मारली.

तो आला, बघितलं आणि भिंतीला टेकला. "तू प्लास्टरमध्ये होतीस ना, तेव्हा मी सायकल साफ केली होती. नळी लोंबत होती, म्हणून थोडी आखूड केली."

"कशाने?"

"पकडीने." मग नळीचं चेपलेलं तोंड चाचपत म्हणाला, "तू बरी झालीस की सायकल टापटीप मिळावी म्हणून गं. आणि वायर आणली तेव्हा वाटलं, हात परत आणून देतोय तुला."

मला त्याला फाडून खावंसं वाटलं. इतके महिने मी माझ्या हाताला शिव्या घातल्या होत्या. पण तो लहान मुलासारखा उभा होता, आणि संध्याकाळी शिक्षिका येणार होती.

"हात माझा मीच आणणार आहे," मी म्हटलं. "तू पाना धर."

आधी बाईंची पिशवी उसवून नीट करून दिली. मग दोघं दुकानात गेलो. नवरा पुन्हा भारी वायरीच्या कपाटाकडे वळला, मी त्याचा दंड धरला. साधी स्टेनलेसची वायर मागितली आणि नवी नळी, लांबीला सढळ. दुकानदाराचा वायर कापायचा कटर तासाभरासाठी मागून घेतला.

"आणि साधीने नाही जमलं तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर भारी घालू. पण आधी नेफा नीट."

नळी त्याने धरली, कापली मी. टोकं कानशीने सपाट केली. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर कापताना मिटलं होतं, ते दाभणाने उघडून गोल केलं. मग वायर ओवली. नाडी ओवायला जन्म गेलाय माझा, कुठे अडलं तर बोटांना लगेच कळतं. कुठेच अडली नाही. दांडी दाबली तशी ती हँडलकडे आली. पकड अजून अर्धीच होती, पण जेवढी होती तेवढी आता चाकापर्यंत पोचत होती. नवऱ्याने गिअरच्या भारी वायरींची डबी न विचारता माझ्या कपाटात ठेवली. गिअरच्या नळ्या बदलू तेव्हा त्याही घालून बघायच्या, असं मी मनात ठरवलं.

संध्याकाळी फाटकाशी नणंद आणि ती शिक्षिका उभ्या होत्या. मी उताराच्या वरच्या टोकाला गेले आणि पायडल मारलं. उजव्या हाताची बोटं ब्रेकपासून लांब ठेवली. डाव्या हाताने दाबलं. मनगटातून कळ गेली, दाबतच राहिले. चाक कुरकुरलं, वेग उतरला, आणि सायकल थांबली. फाटक अजून पुढे होतं.

"ब्रेक छान लागतो की," शिक्षिका म्हणाली. "मग मी कधी घेऊन जाऊ?"

नणंद माझ्याकडे आणि त्या नव्या नळीकडे बघत होती. नवऱ्याने दुपारीच तिला सगळं सांगितलं होतं.

"माफ कर, तुला दुसरी बघून देते," ती शिक्षिकेला म्हणाली. "ही विकायची नाही. नाचणारी ठीक आहे, अंगणच वाकडं होतं."

मला उतरायचं होतं, पण ब्रेक सुटेना. बोटं दांडीवर आवळून बसली होती. नणंदेच्या ते लक्षात आलं. तिने सायकल कमरेला टेकवून धरली आणि माझं एकेक बोट हलक्या हाताने सोडवायला लागली.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"दुखू दे," मी म्हटलं. "रविवारी किती वाजता निघायचं ते सांग."