ताईच्या ओळी

खारफुटी लावणारी माणसं उलटी चालतात. तोंड समुद्राकडे, पाठ घराकडे, आणि एकेक रोप चिखलात दाबत मागे मागे सरकायचं. म्हणजे लावलेलं आपल्याच पायाखाली तुडवलं जात नाही आणि भरतीवरही लक्ष राहतं. नवीन येणाऱ्या प्रत्येकीला याचं हसू येतं. मी मुकादम असल्यामुळे मला येत नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आमच्या टोळीतल्या बायका म्हणतात, आणि माझ्या तोंडावर म्हणतात, यावरून त्यांना माझी किती भीती आहे ते समजा.

माझ्याआधी मुकादम माझी ताई होती. दोन वर्षांपूर्वी अगदी बाहेरच्या कडेला लावणी चालली होती. पाणी चढायला लागलं तशा सगळ्या जणी मागे आल्या, ताई आली नाही. सापडलीही नाही. तिने लावलेलं रान आता डोक्याच्या वर गेलंय. लाटा त्यात शिरतात आणि दमून जातात. शेजारची सिमेंटची भिंत दोनदा फुटली, पण हे रान जागचं हललं नाही.

तिच्यामागे राहिले भाऊजी आणि तिची मुलगी. मुलीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती क्षणभर स्वस्थ बसत नाही. भाऊजी शिलाई मशिनी दुरुस्त करतात. त्यांचं घर समुद्राकडचं शेवटचं. त्या गल्लीतली बाकीची कुटुंबं टेकाडावरच्या नव्या वस्तीत राहायला गेली, भाऊजी मात्र हलायला तयार नव्हते. दर मोठ्या भरतीला पाणी थोडं पुढे यायचं, आणि त्या घरात माझी भाची झोपायची. त्यांना दोघांना तिथून बाहेर काढायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. सांगून, भांडून, अबोला धरून मी हात टेकले होते.

एके सकाळी टोळीतली सगळ्यात जुनी बाई, जिला सगळ्या आत्या म्हणतात, मला रानाच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथे रोपांची एक ताजी ओळ होती.

"ही कोणी लावली गं?" मी विचारलं.

"आपल्यातल्या कोणी नाही. गाठ बघ."

आम्ही रोपाला काठीचा आधार देतो आणि चिंधीने बांधतो. या चिंध्यांची गाठ डाव्या हाताची होती. आमच्या टोळीत डावखुरी एकच होती, ताई. आत्या तिथेच मटकन बसली. मी म्हटलं, कोणाला तरी चेष्टा सुचलीय, आणि दिवसभर सगळ्यांना सारखंच फैलावर घेतलं. पण गाठीला हात लावायची हिंमत मला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी एक ओळ दिसली, घरांच्या जवळ. मग पुढची थेट गल्लीच्या समुद्राकडच्या तोंडाशी. आता गल्लीत कधी कोणी खारफुटी लावतं का? जिथे भरती पोचत नाही तिथे ती दोन दिवसांत वाळून जाते. ही वाळली नाही. उन्हाने गल्लीतली वाळू पाय भाजेल इतकी तापली होती, पण प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी ओंजळभर ओला चिखल होता आणि त्यात बारीक खेकडे हलत होते. पानांवर मिठाचे कण होते. मी एक चाटून बघितला. ते मीठच होतं.

मी तरातरा भाऊजींकडे गेले. ते एका मशीनला तेल घालत होते. मुंगी शेजारी बसून स्क्रू निवडत होती.

"भाऊजी, हा उद्योग तुमचा आहे का?"

"कसला?"

"ओळींचा. वेड पांघरू नका."

ते हसले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "मला टाका सरळ घालता येतो, रोप नाही लावता येत. तुझी बहीण घरी येतेय. उलटी चालतेय, म्हणून वेळ लागतोय."

"असलं काही पोरीसमोर बोलू नका."

"पोरीनेच मला सांगितलं."

मुंगीने मान वर केली नाही. "मावशी, आईचं तोंड अजून तिकडेच आहे," ती म्हणाली. "दाराशी आली की वळेल."

तरी मी माझं घोडं पुढे दामटलंच. "टेकाडावर कधी येताय?"

"ती येणार आणि दाराला कुलूप? काहीतरीच काय," भाऊजी म्हणाले, आणि पुन्हा तेल घालायला लागले.

बाहेर आल्यावर माझं डोकं फिरलं. समोर दिसलं ते रोप मी उपटायला घेतलं. चार दिवसांचं रोप दोन बोटांत निघून यायला हवं. ते निघेना. दोन्ही हात लावले, पाय रोवला, तेव्हा कुठे ते सुटलं. त्याच्यामागे मूळ आलं, आणि ते येतच राहिलं. जाड, फाटे फुटलेलं, काळ्या चिखलात माखलेलं, चांगलं दोन वर्षं मुरलेलं मूळ. त्याच जागेवरून गेल्या आठवड्यात मी चपला घालून चालत गेले होते.

मी ते होतं तसं परत खोचलं, चिखल दाबला आणि रोपाची माफी मागितली. भीती तर वाटलीच. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा रागच जास्त आला. ताईला यायचंच होतं, तर ती माझ्याकडे का नाही आली?

वर्षातली सगळ्यात मोठी भरती उद्यावर आली तेव्हा ओळी घरापाशी पोचल्या होत्या. भाऊजी उंबऱ्यात उभे होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा.

"बघ," ते म्हणाले. "दारात एकही रोप नाही. दोन्ही बाजूंनी लावत मागेपर्यंत गेली. आपल्या घराला कुंपण घातलंय तिने. आता कसली भरती आणि कसलं काय."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि समुद्राकडे बघितलं. दारासमोरून थेट रानापर्यंत एक मोकळी पट्टी गेली होती. दोन्ही कडांना रोपं दाट होती, मध्ये काही नाही. मी घरातून चालत मागच्या दाराशी गेले. तीच पट्टी मागे निघून सखल माळापर्यंत पोचत होती.

"भाऊजी, हे कुंपण नाही."

"मग काय आहे?"

"ओहोळ. लावणीआधी आम्ही पाण्याच्या येण्याजाण्याची जागा ठरवतो आणि ती मोकळी ठेवतो. ती अडवली तर पाणी सगळी लावणी उखडून नेतं. तिने घर वाचवलेलं नाही. पाण्याला दिलंय."

"ती असं करणार नाही."

"करेल. इथून वाट दिली नाही तर पाणी बाजारात शिरेल, शाळेत शिरेल. मीसुद्धा हेच केलं असतं." हे बोलताना मला माझाच राग आला. "आणि तुम्ही आत बसून राहाल असं तिच्या मनातही आलं नसेल. तिच्या लेखी तुम्ही शहाणे आहात."

भाऊजींनी धुतलेल्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. आम्ही मागे वळलो तेव्हा मुंगी स्क्रूचा डबा काखेत मारून बाहेर निघालीच होती. त्या दिवशी आम्ही सगळ्या मशिनी टेकाडावर वाहून नेल्या. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी पाणी आलं. लख्ख ऊन होतं, वारा नव्हता. टेकाडावरून सगळं दिसत होतं. पाणी त्या पट्टीतून आलं, वीतभरही इकडेतिकडे न होता, आवाज न करता. दार लावलेलं होतं. ते आत उघडलं. घरचं माणूस शिरावं तसं पाणी आत गेलं, आणि बऱ्याच वेळाने मागच्या दारातून माळाकडे निघालं. गल्ली दोन्ही बाजूंना कोरडी राहिली. बाजारातल्या लोकांना पत्ताही नव्हता.

मग ओहोटी लागली. माळावरचं पाणी उतरलं, पट्टी उघडी पडली. घरातलं पाणी उतरलं नाही. दोन्ही दारं उघडी होती आणि आत ते खिडकीपर्यंत तसंच उभं होतं. थोड्या वेळाने तिथून आवाज यायला लागला. भांड्यावर भांडं ठेवल्याचा. मोठं, मग त्यावर लहान, मग त्यावर आणखी लहान.

"आली," भाऊजी म्हणाले. "घर लावतेय."

ते उतार उतरायला लागले. मी हाक मारली. त्यांनी ऐकलंच नाही. मी धावले, पण मुंगी माझ्या आधी पोचली होती. तिने त्यांचा सदरा मागून मुठीत धरला आणि टाचा मातीत रोवल्या. मी दंड पकडला. भाऊजी झटापट करत नव्हते. कामावरून घरी निघालेल्या माणसासारखे सावकाश ओढत होते, आणि आम्ही दोघी त्यांच्याबरोबर घसरत खाली चाललो होतो.

खाली भांड्यांचा आवाज थांबला. आत कोणीतरी कान देऊन ऐकत असावं, इतकं शांत झालं.

मुंगी घराकडे बघत होती. दोन वर्षं ती रोज त्या दारात आईची वाट बघत बसली होती. तिने आवाज चढवला नाही.

"आई," ती म्हणाली, "बाबांना मी देणार नाही."

किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग भाऊजींचा दंड माझ्या हातात सैल पडला आणि ते उतारावरच खाली बसले. मुंगीने सदरा सोडला नाही. खाली पुन्हा भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज सुरू झाला.