डावीकडचं बेट

डेमो संपला की पडद्यावर बर्फ पडायला लागायचा, बेटं धूसर होत जायची आणि मधोमध पाटी यायची : पुढचा खेळ विकत घ्यायचा? त्या पाटीपुढे बसून घारीने किती नखं खाल्ली असतील त्याला हिशेब नाही. घ्यावा म्हटलं की बोट मागे यायचं, नको म्हटलं की मन खायला उठायचं. शेवटी ती लॅपटॉप मिटायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने कपड्यांच्या घड्या घालायला बसायची.

घार हे तिचं कामावरचं नाव. रुग्णवाहिका पाठवतात त्या कंट्रोल रूममध्ये ती बसायची. समोर भिंतभर शहराचा नकाशा, त्यावर सरकणारे गाड्यांचे ठिपके, कानात कुणीतरी रडतंय, कुणीतरी पत्ता चुकीचा सांगतंय. अशा गोंधळात कुठली गाडी कुठे मोकळी झाली हे तिला नकाशाकडे नजर टाकली न टाकली की कळायचं. म्हणून घार. नाव ठेवणारा शिफ्टचा इन्चार्ज होता, पण पुढे ड्रायव्हरसुद्धा वायरलेसवर तेच म्हणायला लागले आणि तिलाही ते आवडायला लागलं.

मग एक दिवस कामावरच, जिना उतरता उतरता तिचा डावा पाय लुळा पडला. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली होती. दैव बलवत्तर म्हणून वेळेवर इलाज झाला. हातापायातली ताकद परत आली, बोलणं पहिल्यासारखं झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की थोडे दिवस घरी आराम करा, मग खुशाल कामावर जा. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. एकटी घारच तेवढी सुटली नव्हती. तिच्या मनात सारखी पाल चुकचुकायची. डोकं पूर्वीसारखं चालेल का?

डेमो दिला होता नणंदेने. नणंद तिच्याहून लहान, जनावरांच्या दवाखान्यात कामाला, आणि या डावपेचांच्या खेळांची भारी शौकीन. घार तिला चेष्टेने ‘वन्सं’ म्हणायची. वन्संनी स्वतः तो खेळ कधीच विकत घेतला होता. वहिनीच्या लॅपटॉपवर फुकटचा डेमो टाकून ती म्हणाली होती की नुसती छताकडे बघत पडू नकोस, आवडला तर घे, नाहीतर उडवून टाक.

खेळ असा होता. समुद्रात विखुरलेली बेटं. कुठे धान्य पिकतं, कुठे लाकूड, कुठे नुसतीच माणसं. आपल्याकडे मोजक्या होड्या. कुणाकडे काय पाठवायचं, कुणाला थांबवायचं, आजार आला तर वैद्य आधी कुठे उतरवायचा, हे एकेका चालीत ठरवायचं. घाई नाही, घड्याळ नाही. हिवाळ्याच्या पहिल्या वादळापर्यंत डेमो चालायचा. पुढचं हवं असेल तर विकत घ्या.

पहिल्यांदा खेळताना घारीला वाटलं, हे तर आपलंच काम. हातचा मळ. पण वादळ सरलं आणि हिशेब दिसला तेव्हा एक अख्खं बेट ओसाड पडलेलं होतं. डाव्या कोपऱ्यातलं, पवनचक्क्यांचं. तिथली माणसं उपाशी मेली होती. ती पुन्हा खेळली. पुन्हा पवनचक्क्या बंद. मग तिने मुद्दाम सुरुवातीलाच तिकडे होडीभर धान्य पाठवलं, तरी वादळ सुरू झालं, चहूकडून हाका यायला लागल्या, आणि शेवटी बघते तो तेच बेट गेलेलं.

तिने खेळाला शिव्या घातल्या. संध्याकाळी नवरा लिफ्टच्या दुरुस्तीची कामं उरकून घरी आला, तेव्हा त्यालाही सांगितलं की खेळ भंपक आहे, मुद्दाम एक बेट बुडवतात, म्हणजे माणूस चिडून विकत घेईल. नवरा म्हणाला की मग काढून टाक. तिने काढला नाही. आणि आपण रोज दुपारी तेच खेळतोय, रोज हरतोय, याचा त्याला थांगपत्ताही लागू दिला नाही.

पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेगळाच होता. खेळ घेतला आणि तिथेही माणसं मरत राहिली, तर? एवढीशी बेटं जिला सांभाळता येत नाहीत तिने शहर काय सांभाळायचं? आणि घेतला नाही, तर हे कोडं तसंच डोक्यात घेऊन कामावर जायचं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं ती स्वतःशीच म्हणायची.

त्यातच इन्चार्जचा फोन आला. म्हातारा मोठा गोड माणूस. तुझ्या खुर्चीवर बसवलेली मुलगी बरी आहे पण घाबरते, सोमवारपासून तू येतेस ना, असं त्याने विचारलं. घार हसून म्हणाली की येते म्हणजे काय, येतेच. फोन ठेवून आत वळताना तिचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. हल्ली असं व्हायचं. नवरा म्हणायचा, चौकटीचं तुझ्याशी काहीतरी वैर आहे.

रविवारी दुपारी नणंद आली. आल्या आल्या तिने विचारलं की खेळ घेतलास की नाही. घारीने आधी उडवाउडवी केली, मग न राहवून सगळा राग काढला. डेमोच असा लबाड तर पुढचा खेळ कसा असेल? ते पवनचक्क्यांचं बेट काही इशारा न देता मारतात.

नणंद चहा ढवळायची थांबली. “इशारा न देता कसं? तांबडा दिवा लागतो की तिथे.”

“कुठला दिवा?”

“बेटावरच. धान्य संपत आलं की लागतो. माझं ते बेट कधीच गेलं नाही, वहिनी. सगळ्यात सोपं आहे ते.”

घार म्हणाली की तिच्या डेमोत नसेल, फुकटात काय सगळं देतात. नणंदेने वाद घातला नाही. चल, माझ्यासमोर खेळ, एवढंच म्हणाली आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

सुरुवात छान झाली. होड्या निघाल्या, पवनचक्क्यांनाही धान्य पोचलं. मग वादळ आलं. उजवीकडच्या बंदरात आग लागली, मधल्या बेटावर आजार आला. घार रंगात आली. वैद्य इकडे, पाणी तिकडे. चाल, मग पुढची चाल. नणंद आधी काहीबाही बोलत होती. मग तिने बोट पडद्याच्या डाव्या कडेवर टेकवलं.

“वहिनी, इथे बघ.”

घारीने बघितलं. पवनचक्क्यांवर तांबडा दिवा चांगला मोठा लुकलुकत होता. आंधळ्यालाही दिसावा असा.

“आत्ता लागला ना?”

“नाही,” नणंद हळूच म्हणाली. “मघापासून आहे. बऱ्याच चाली झाल्या. तू तिकडे एकदाही बघितलं नाहीस.”

घारीला राग आला. तू बडबडत होतीस म्हणून लक्ष गेलं नाही, असं ती फटकन बोलून गेली. नणंदेने ऐकून घेतलं. मग तिने विचारलं की वहिनी, तुझ्या ताटात डावीकडची भाजी रोज का उरते? दादा म्हणत होता, तुला हल्ली भाजी आवडत नाही. भाजी घारीला आवडत होती. उरत होती हेच तिला माहीत नव्हतं.

नणंद गेल्यावर ती खिडकीशी उभी राहिली. खाली रस्त्यावर गाड्या दोन्ही बाजूंनी जात होत्या, आणि डावीकडून येणाऱ्या आपल्याला खरंच दिसताहेत का, हे तिला सांगता येईना. दिसतात असं वाटत होतं. पण दिवाही नाही असंच वाटत होतं की! जे दिसत नाही ते दिसत नाही हे माणसाला कळावं तरी कसं? तिची पाचावर धारण बसली. एक मन म्हणालं, गप्प बस. कुणाला कळतंय? जरा जास्त लक्ष द्यायचं, मान वळवायची, निभेल. नणंदही काही गावभर सांगत सुटणार नाही. त्या मनाचं ऐकून तिने सोमवारी सकाळी कामावर जायचे कपडे घातले.

कंट्रोल रूममध्ये तिचं जोरदार स्वागत झालं. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी खुर्ची पुसून दिली. ती नकाशापुढे उभी राहिली. सगळं ओळखीचं, सगळे ठिपके जागच्या जागी. मग तिने मुद्दाम मान डावीकडे वळवली, आणखी वळवली, आणि कारखान्यांच्या बाजूला एक मोकळी गाडी उभी होती, जी तिच्या हिशेबात आलीच नव्हती. तिथल्या एखाद्या माणसासाठी तिने लांबची गाडी पाठवली असती. कुणी तिला चूक म्हटलंही नसतं. उशीर झाला, एवढंच झालं असतं.

तिने इन्चार्जला व्हरांड्यात बोलावलं. “मला त्या खुर्चीवर बसवू नका,” ती म्हणाली. “मला अर्धा नकाशा दिसत नाही, आणि दिसत नाही हे मला कळतही नाही.”

म्हाताऱ्याने आधी चेष्टा समजून हसायला घेतलं, मग तिचा चेहरा बघून तो थांबला. मग स्वतः तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

तिथे त्यांनी तिला कागदभर आखलेल्या रेघा खोडायला दिल्या. सोबत आकडे उलटे मोजायला लावले. कागद परत घेतला तेव्हा डावीकडच्या रेघा तशाच, न खोडलेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की डोळे उत्तम आहेत, मेंदूच त्या बाजूची दखल घ्यायचा आळस करतो. शांतपणे तपासलं तेव्हा सगळं ठीक वाटलं होतं. एकाच वेळी बरंच बघायचं असलं की हे उघडं पडतं. सुधारतं, पण किती आणि केव्हा, हे त्या सांगू शकल्या नाहीत. रोजचा सराव लावून दिला. वाचताना डाव्या कडेला रंगीत पट्टी, जेवताना ताट फिरवणं, रस्ता एकटीने ओलांडणं बंद.

घारीने चाचरत खेळाचं विचारलं. बाई म्हणाल्या की खेळून रोग बरा होईल असं त्या मुळीच म्हणणार नाहीत. खेळात जमलं म्हणजे कामावर जमलं, असंही धरून चालायचं नाही. आवड असेल तर खेळा. म्हणजे निर्णय पुन्हा तिच्याच गळ्यात.

इन्चार्जने तिला फोन घेण्याच्या टेबलावर बसवलं. घाबरलेल्या माणसाला शांत करून पत्ता काढून घ्यायचा आणि पुढे द्यायचा. नकाशा तिच्या पाठीमागे. पहिले काही दिवस तिला पाठीवर तो नकाशा जाणवायचा, जड, एखाद्या ओल्या घोंगडीसारखा. गाड्या बरोबर जाताहेत ना, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागायचा. त्या नव्या मुलीचा आवाज थरथरला की घारीची मान मागे वळू बघायची. पण मागे वळून बघायचं नाही, हे तिने स्वतःला बजावलं होतं.

एका सुट्टीच्या सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, “मी तो खेळ घेतेय.”

“बरी होण्यासाठी?”

“नाही. तिथे माझ्याकडून कुणी सुटलं तर कुणी खरं मरत नाही. मला असं एखादं ठिकाण पाहिजे.”

नवऱ्याने लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला आणि तो तिच्या डाव्या बाजूला बसला. तिने बटण दाबलं. खेळ उतरवून घ्यायला बराच वेळ लागत होता. तेवढ्यात तिला दोनदा वाटून गेलं की चूक केली. मग बेटं आली, डेमोतल्यापेक्षा कितीतरी जास्त, पडद्याच्या दोन्ही कडांपर्यंत पसरलेली.

“आता आधी काय करायचं?” नवऱ्याने विचारलं.

“थांब,” ती म्हणाली. “आधी सगळं बघू दे.” आणि मान वळवून ती एकेक बेट मोजायला लागली.